हळू ढवळणाऱ्या मॅडम

“काहून भांडून राहिली वं त्याच्याशी? ढोसू नको. हळू फिरव चमचा.”

संशोधनासाठी विद्यापीठात दाखल झाले, त्या पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या दारात हे कानावर पडलं. आत कुणाचं तरी वाजलंय असं वाटून मी बाहेरच थांबले. डोकावले तर मॅडम एका मुलीला कॉर्नफ्लॉवरचं दाट पाणी ढवळायला शिकवत होत्या. भराभर ढवळलं की चमचा दगडात रुतल्यासारखा अडायचा. हळू फिरवला की तेच पाणी निमूट वाहायचं.

असं का होतं, हे शोधण्यातच मॅडमची सगळी नोकरी सरली. त्या मूळच्या रामटेकच्या. परिषदेत उत्तम इंग्रजी बोलत, आमच्याशी मात्र ‘मले-तुले’. “कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढते न तुझी आई? खाली बसलेल्या चिकात बोट हळू घाल, जाते. जोरात घाल, अडते. घाईत कण एकमेकांवर घासतात, मधलं पाणी निसटते. मग महाप्रसादाच्या रांगेसारखं. मागचा ढकलते म्हणूनच पुढचा हालत नाही.”

मे महिन्यात मोजणी सुरू झाली की त्या कूलर बंद करायच्या. वाऱ्यानं नमुन्याची कड सुकते आणि यंत्र ते मिश्रणच घट्ट झालं असं दाखवतं. विभागप्रमुख सर दारातून म्हणायचे, “मॅडम, पोरी शिजून जातील!” मॅडम डोक्यावर ओला पंचा टाकून म्हणायच्या, “शिजू द्या. कच्च्या काय कामाच्या?”

मला पटकन बोलता येत नाही. दोघातिघांनी एकदम प्रश्न विचारले की इंग्रजीही आटतं आणि मराठीही. मॅडम एकच प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. उत्तर येईपर्यंत दुसरा प्रश्न नाही, मदतीचा शब्दही नाही. माझ्यासाठी इतकं थांबणारं माणूस मला घरीही मिळालं नव्हतं.

गेल्या वर्षी त्या फार थकल्या. हुडकेश्वरच्या घरी त्यांचे यजमान, आमचे काका, अंथरुणाला खिळलेले. दुपारी आलेख बघता बघता मॅडमचा डोळा लागायचा. आम्ही आवाज न करता उठायचो. त्यांची निवृत्ती आली आणि माझा प्रबंध अर्धाच होता. सरांनी त्यांना वर्षभराची मुदतवाढ मिळवून दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “तू ‘थांबा’ म्हणालीस तर थांबतील. नाहीतर पुढचं काम माझ्याकडे करावं लागेल.” सर वाईट नव्हते, पण त्यांना सगळं कालच हवं असायचं. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. मॅडम गेल्या तर हा प्रबंध माझ्या हातून होणार नाही, याची मला जवळजवळ खात्री होती.

त्या दुपारी मॅडमनी पाय स्टुलावर घेतले. पावलं सुजली होती, चपलेचे पट्टे उमटले होते.

“सांग वं. थांबू का जाऊ? तू म्हणशील तसं.”

तेवढ्यात घरून फोन आला. “हो, औषध डाव्या खणात आहे. येतेच,” म्हणाल्या. फोन ठेवला, पण उठल्या नाहीत. चहावर साय धरली. मॅडमनी डोळे मिटले होते. झोपल्यात की वाट बघताहेत, कळेना.

“मॅडम,” मी म्हणाले, “तुम्ही घरी जा. मी सरांकडे करीन पूर्ण.”