बाटलीमावशीची जांभळाची वायन

बाटलीमावशीने आयुष्यात एकही बाटली टाकून दिली नाही. रमची चपटी, सॉसची, गुलाबपाण्याची, दवाखान्यातली टॉनिकची, हाताला लागेल ती बाटली ती राखेने घासायची, उन्हात पालथी घालायची आणि मग तिच्याकडे अशी बघत बसायची, की जणू लग्नाच्या मुलीला कुठलं घर द्यावं याचा विचार चाललाय. रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं ते गाव. माझे वडील तिथे पोस्टमास्तर होते आणि आम्ही तिच्या शेजारी भाड्याने राहायचो. तिचं खरं नाव मारिया, पण ते चर्चच्या फादरांखेरीज कुणी घेत नसे. गावाने ठेवलेल्या नावाचा तिला राग नव्हता. "बाटली म्हंजे वाईट काय रं? आत काय भरलाय ता बघाचा," असं ती म्हणायची.

आत ती जांभळाची वायन भरायची. आपण वाइन म्हणतो, तिची वायन. जांभळं आली की दोन टोपल्या घरात यायच्या. चिनी मातीच्या बरणीत जांभूळ, साखर, चार लवंगा आणि दालचिनीचा तुकडा घालून ती बरणीचं तोंड धुतलेल्या फडक्याने बांधायची. त्या खोलीत मग कुणी आवाज चढवायचा नाही, असा तिचा कायदा होता. नवरा एकदा जाळ्यावरून भावाशी भांडायला लागला, तर तिने दोघांनाही हाताला धरून अंगणात नेऊन सोडलं. "बरणी ऐकते," ती म्हणाली. "आंबट झाली तर नातालाला तुमीच प्या." दोघे अंगणात उरलेलं भांडण कुजबुजत भांडले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तयार वायन गाळून बाटल्यांत जायची. बूच मारून त्यावर चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या उरलेल्या बुडख्यांचं मेण ओतायचं आणि बाटली माळ्याखालच्या फळीवर आडवी ठेवायची. तिला लिहिता वाचता बेताचंच येई, आणि सालाचे आकडे तर तिला मुळीच मंजूर नव्हते. बाटलीवर चिकटपट्टी लावून ती त्या वर्षी काय घडलं ते पेन्सिलीने लिहायची. 'पूल झाला.' 'जॉनचा पाय मोडला.' 'रीटा सून आली.' 'वादळात सा माड पडले.' गावात कुठली गोष्ट कधी झाली यावर वाद झाला, की लोक तिच्या फळीपाशी यायचे.

माझी आई कडक. आमच्या घरात दारूचा शब्दही चालत नसे. पण मला खोकला झाला की मावशी कुंपणावरून वाटीत दोन चमचे काहीतरी द्यायची आणि आई विचारायची, "काय गं आहे हे?" मावशी म्हणायची, "औषध." आई म्हणायची, "मग ठीक आहे." दोघींना सगळं ठाऊक होतं. मी त्या हिवाळ्यात जरा जास्तच खोकायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी दहावी पास झालो त्या वर्षीची एक चपटी तिने वेगळी काढली. पट्टीवर लिहिलं, 'बाळ धावी पास.' मला म्हणाली, "ही तुजी. तू मोठा सायब झालास का चारचौघांत बसून उघडाची. तवर हात लावाचा न्हाय." त्या चपटीची तिने पुढची पस्तीसेक वर्षं राखण केली. घरावरची कौलं गेली, पत्रे आले, वादळाने तेही उडवले. त्या दिवशी तिने आधी फळीवरच्या बाटल्या चटईत गुंडाळून खाटेखाली सरकवल्या आणि मग स्वतः खाटेखाली शिरली.

मी साहेब झालो. मुंबईत नोकरी, मग अलिबागजवळ शनिवार-रविवारचं घर. माझ्या हुद्द्याच्या माणसांना एखादा शौक लागतो, तसा मला वाइनचा लागला. पैसे भरून वर्ग केला. पेला तिरका कसा धरायचा, नाक कुठवर घालायचं, घोट तोंडात कसा घोळवायचा आणि शेवटी तो बादलीत कसा थुंकायचा, हे सगळं शिकलो. जाणकार माणूस चव घेतो आणि थुंकतो, गिळतो तो नवखा, असं तिथे सांगत. मी पाच जुन्या बाटल्या जमवल्या, सर्वांत जुनी वीस वर्षांची, आणि त्या जेवणासोबत चाखायला मित्रांना बोलावलं.

मासे मात्र मला मावशीच्या हातचे हवे होते. मी फोन केला. "मावशी, शनिवारी माझ्याकडे जेवणाला ये. मित्र येणार आहेत."

ती म्हणाली, "मी? येते ना बाळा. येते."

मला म्हणायचं होतं, जेवण करायला ये. तिने ऐकलं, जेवायला ये. 'जेवणाला' या एका शब्दात दोन्ही मावतं आणि मी तो नीट उलगडून सांगण्याची तसदी घेतली नाही. शनिवारी संध्याकाळी ती एसटीने आली. चर्चला नेसायचं निळं पातळ, केसांत अबोलीची वेणी, आणि हातात रुमालात गुंडाळलेली ती चपटी. मी म्हणालो, "बरं झालं लवकर आलीस, सुरमई साफ करून ठेवलीय." तिने माझ्याकडे पाहिलं, मांडलेल्या टेबलाकडे पाहिलं, खुर्च्या मोजल्या. मग चपटी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि विचारलं, "मसाला खय हाय?"

तेव्हाच कळलं मला. कळलं हे महत्त्वाचं. तेव्हा एक खुर्ची ओढता आली असती. पण माणसं सहा, पेले सहाच्या हिशेबाचे, आणि सुबोधसारखा चोखंदळ मित्र येणार. मी मसाल्याचा डबा दाखवला.

पाचही बाटल्या रीतसर झाल्या. कुणाला चामड्याचा वास आला, कुणाला ओल्या मातीचा, आणि घोट बादलीत पडत राहिले. मग सुबोधची नजर चपटीवर गेली. "ही कुठली रे?" त्याने चिकटपट्टी मोठ्याने वाचली, "बाळ धावी पास," आणि टेबल हसलं. बाळ कोण, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. "आमच्या कुकने आणलीय," मी म्हणालो. "गंमत म्हणून घ्या."

मी मेण फोडलं, सगळ्यांना ओतलं. रंग जवळजवळ काळा, कडेला विटकरी झालेला. मी घोट तोंडात घेतला. आधी जांभूळ आलं, मग लवंग, मग थोडा धूर, आणि चव संपतच नव्हती. त्या टेबलावरच्या पाचही बाटल्या तिच्यापुढे पाणी होत्या. मी हे अतिशयोक्तीने सांगत नाही, तेवढं मी त्या वर्गात खरंच शिकलो होतो. मी गिळणार होतो. इतक्यात सुबोध म्हणाला, "अरे, हे तर कफ सिरप!" सगळे खो खो हसले आणि एकामागून एक बादलीत थुंकले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही थुंकलो.

मावशी तळलेल्या सुरमईचं ताट घेऊन दारात उभी होती. आधीच्या पाच बाटल्यांना आम्ही काय केलं ते तिने पाहिलं नव्हतं. तिने एवढंच पाहिलं की तिची वायन तोंडात घेतली आणि सहा शिकलेली माणसं थुंकली. ताट ठेवून ती मला हळूच म्हणाली, "इटली वाटते रं, नासली. फुकट तरास दिला तुमाला." आणि अर्धी उरलेली चपटी पदराखाली घालून आत गेली. मी म्हणालो, "मासा काय झालाय, मावशी!" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

आठवड्याने तिच्या सुनेचा, रीटाचा, फोन आला. मावशीने फळीवरच्या सगळ्या बाटल्या माडाच्या आळ्यात ओतून टाकल्या होत्या. पूल, जॉनचा पाय, रीटाचं लग्न, वादळ, सगळं. "म्हणतात, बाळाला कळतं त्यातलं, तो शिकलाय. त्याने थुंकली म्हंजे समदीच नासलीय," रीटा म्हणाली. "मी चाखून बघते म्हटलं, तर बघू पन दिली न्हाय. त्या दिसापासून गपच हायत."

मी त्याच दिवशी गेलो. मावशी पडवीत बसून वाल सोलत होती. मी तिला सगळी पद्धत समजावली. वाइन चाखणारे थुंकतातच, महागातली महाग असली तरी थुंकतात, तुझ्या आधीच्या पाचही आम्ही थुंकल्या. एकही शब्द खोटा नव्हता, आणि अख्खं बोलणं खोटं होतं. ती वाल सोलायची थांबली.

"मंग नासली नव्हती?"

"नाही मावशी. सगळ्यांत चांगली तीच होती."

तिचा चेहरा असा उजळला, की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. ओतलेल्या बाटल्यांबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. मला वाटलं होतं, ती विचारेल, मग तिथेच का नाही सांगितलंस. त्याचं उत्तर मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. तिने ते विचारलंच नाही.

मावशी गेली त्याला आता वर्ष होईल. मी तिच्या मयताला गेलो, फुलं वाहिली, लोकांना सांगितलं की हिच्या मांडीवर वाढलो. पण मला आठवते ती पडवी. ती जरा पुढे झुकली होती आणि खोकल्याचं औषध द्यायची तेव्हाच्या आवाजात तिने विचारलं होतं, "त्या लोकांची रीत असंल, थुंकूंदेत. तू तरी गिळलीस ना रं?"

"हो," मी म्हणालो.

मावशीने मान वळवली आणि आतल्या रीटाला मोठ्याने हाक मारली, "आयकलंस काय गो? माज्या बाळान गिळली हाय!"