मधल्या प्लगचे आटे

मधल्या प्लगचे आटे मी घालवले होते. बाबांनी नाही.

पाच वर्षं गप्प बसले. आज बाबांना जाऊन एक वर्ष झालं, आता हे पोटात ठेववत नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. सरकारी जीपवर ड्रायव्हर होते, तिथूनच रिटायर झाले. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत कुणाची गाडी सुरू होईना, की खालून हाक यायची, "काका!" आणि बाबा बनियनवरच जिना उतरायचे.

आमची गाडी जुनी, पांढरी. तीन सिलिंडर, तीन स्पार्क प्लग.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी म्हटलं, "बाबा, मला शिकवा ना प्लग बदलायला."

संदीप, म्हणजे माझा नवरा, हसला. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "उद्या सकाळी ये. इंजिन गार असताना."

त्यांची पद्धत ठरलेली. आधी सायकलच्या पंपाने प्लगभोवतीची धूळ उडवायची, नाहीतर ती आत पडते. एका वेळी एकच वायर काढायची. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून भोकात उतरवायचा आणि नळी बोटांनी फिरवायची. प्लग वाकडा शिरत असेल तर नळीच घसरते, आटे वाचतात.

पाना सगळ्यात शेवटी.

"बोटांनी पूर्ण बसला ना? आता पान्याने अर्धाच फेरा. बारावरून सहावर. वॉशर दबला की काम झालं."

"एवढंच? ढिला राहील ना!"

"हेड अल्युमिनियमचं हाय, पोरी. लय ताकद दाखवशील तर आटेच निघून येतील."

आता माझं माहेर निफाडकडचं. घरची द्राक्षबाग. मांडवाची तार ढिली राहिली तर घडांच्या वजनाने मांडव झोपतो. लहानपणापासून कानावर एकच, आवळ, अजून आवळ. हाताला तीच सवय.

नांदगावला बाबांच्या पुतणीचं लग्न होतं. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी नवे प्लग टाकायला घेतले. कडेचे दोन झाले. मधला राहिला होता आणि बाबांना फोन आला, म्हणून ते जिन्यापाशी गेले.

मी अर्धा फेरा दिला. मग वाटलं, लांबचा प्रवास आहे, अजून थोडा देऊ.

पाना एकदम हलका झाला.

आटे गेले, हे मला कळलं होतं. तरीही मी गुपचूप वायर लावली आणि बाबांना म्हटलं, "झालं." त्यांनी तपासलंसुद्धा नाही, इतका विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी मनमाडच्या अलीकडे बॉनेटखाली फाडकन आवाज झाला. पाहिलं तर प्लग भोकातून उडून वायरीला लोंबकळतोय. आम्ही एका टेम्पोत बसून नांदगावला पोहोचलो, तोवर लग्न लागून पंगती उठल्या होत्या.

गाडीत नवे आटे बसवून देणाऱ्या रस्त्यावरच्या मेकॅनिकने विचारलं होतं, "कोणी आवळला हा?"

बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मी. हाताला अंदाज राह्यला नाय आता."

संदीप आधीच तापलेला. "बास झालं, बाबा. आजपासून बॉनेटला हात लावायचा नाही."

पाने-बिने माळ्यावर गेले. नांदगावच्या पाहुण्यांना तर विषयच मिळाला. कुठेही भेटले की, "काय काका, आज प्लग उडवणार का?" बाबा पण त्यांच्याबरोबर हसायचे. हळूहळू कॉलनीतल्या हाकाही थांबल्या.

मी एकदा त्यांना म्हटलं, "बाबा, मी सांगते सगळ्यांना."

"राहू दे. तुला या घरात अजून लय दिवस काढायचेत. माझं काय."

आणि मी राहू दिलं! याचाच मला स्वतःचा सगळ्यात जास्त राग येतो. नवी सून होते, घाबरले, हे ठीक. पण पाच वर्षं कोण नवी असते?

नंतर बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. खाली कुणी गाडी सुरू केली की नुसता आवाज ऐकून पुटपुटायचे, "एक सिलिंडर मिसिंग करतंय." कुणी लक्ष द्यायचं नाही. दोन दिवसांनी तीच गाडी गॅरेजला गेलेली असायची.

आज सकाळी बाबांसाठी घरी बुद्धवंदना झाली. नांदगावची मंडळीही आली होती. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

संदीप उठला. स्टूल घेतलं, माळ्यावरून बाबांची पिशवी उतरवली. आत पाने होते, रबरी नळीचा तुकडा होता, आणि तीन नवे प्लग. खोकीसुद्धा फोडलेली नव्हती. कधी आणून ठेवले होते कोण जाणे.

त्याने नळी हातात घेतली. "हिचं काय करतात?"

आम्ही दोघं खाली गेलो. मी सांगत गेले, तो करत गेला. मधल्या प्लगला अर्धा फेरा देऊन तो थांबला.

"अजून?"

"नाही. बस."

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. आम्ही दोघांनीही वर गॅलरीकडे पाहिलं. मग संदीप बॉनेटवर हात ठेवून रडायला लागला.

ज्यांनी ज्यांनी बाबांच्या हातांची चेष्टा केली, त्यांनी हे वाचा आणि जे आज आले नव्हते त्यांनाही पाठवा. बाबांच्या हाताचा अंदाज शेवटपर्यंत पक्का होता. चूक माझी होती.

बाबा, मला माफ करा. तुमच्या हातांना विनम्र अभिवादन.