शिक्केकाकांचा ऑगस्ट

शिक्केकाकांच्या दारावरची बेल वाजवली की आतून पहिला प्रश्न यायचा, "कोण?" नाव सांगितलं की दुसरा, "कशावरून?" आमचं घर त्यांच्या अगदी समोर. मी त्यांच्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाले, पण मलाही हा प्रश्न कधी चुकला नाही. दाराच्या भोकातून ते मला पाहत असत, आवाजही ओळखत असत, तरी विचारत. "काका, मी मंजू. काल काकूंनी उसळ दिलेली, तिची वाटी परत आणलीय," एवढं सांगितल्यावर कडी निघायची. वाटी हातात घेऊन ते आधी तिच्या बुडावर कोरलेलं नाव वाचत आणि मगच मला आत घेत.

त्यांची सगळी नोकरी पोस्टात, पत्रांची वर्गवारी करण्यात गेली. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, खरी तारीख शिक्क्याची, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. दूधवाला म्हणाला, आज गाडीच उशिरा आली, की काका म्हणत, "शिक्का कुठाय?" इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी कारल्याच्या रसाने साखर पळते असं पाठवलं की खाली यांचा एकच शब्द, "शिक्का?" त्यावरून हे नाव पडलं. ते माझ्या भावाने पाडलं असा त्यांचा पहिल्यापासून संशय होता आणि तो संशय खरा होता.

काकू या सगळ्याला हसत. "मला बघायला आलेले तेव्हा यांनी माझं शाळेचं प्रगतिपुस्तक मागवलेलं," असं त्या पाहुण्यांना सांगत. काका लगेच दुरुस्ती करत, "जन्मतारखेसाठी. गुण मी बघितले नव्हते." मटार घेताना ते चार शेंगा सोलून बघत, पाचवी स्वतःच्या मनाने निवडत आणि तीही सोलत. भाजीवाली त्यांना पाहिलं की टोपलीवर फडकं टाकायची.

अशा माणसाने एका वर्षावर प्रेम करावं याचं मला अजून नवल वाटतं. ते वर्ष म्हणजे १९११. सुरुवात अर्थातच टपालापासून झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीपर्यंत विमानातून पत्रांची थैली गेली, आणि जगात सरकारी टपाल विमानाने जाण्याची ती पहिली वेळ, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. वाचून आनंद व्हायच्या ऐवजी त्यांना शंका आली की थैली खरंच विमानात होती कशावरून. ती शंका फिटेपर्यंत दोन वर्षं गेली आणि तोवर त्यांना त्या सालातलं बाकीचं जगही दिसू लागलं होतं. "सगळ्या इतिहासावर लक्ष ठेवणं आपल्याला जमायचं नाही," ते म्हणत. "निदान एका वर्षावर तरी माणसाने नीट नजर ठेवावी."

मग बारा महिन्यांच्या बारा वह्या झाल्या. जुलैच्या वहीत पेरूमधल्या डोंगरावर सापडलेलं जुनं दगडी शहर होतं, आणि समासात काकांचा प्रश्न, "तिथे शेतकऱ्यांची घरं होतीच, मग शोध कसला लागला?" ऑक्टोबरमध्ये चीनमध्ये क्रांतिकारकांच्या हातून चुकून बॉम्ब फुटला, बिंग फुटायची वेळ आली म्हणून उठाव घाईने करावा लागला आणि बघता बघता बादशाही गेली. त्याखाली लाल शाईने लिहिलेलं, "चुकून? तपासणे." डिसेंबरात दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवल्याचं जाहीर झालं, आणि ही बातमी आधी मोजक्याच माणसांना ठाऊक होती. या एका गोष्टीबद्दल काकांना ब्रिटिशांचं कौतुक होतं. "आपल्या इमारतीत पाण्याची टाकी धुवायची असली तरी चार दिवस आधी चर्चा होते," ते म्हणत.

पण त्यांचा जीव ऑगस्टमध्ये होता. त्या महिन्यात पॅरिसच्या संग्रहालयातून मंद हसणाऱ्या बाईचं ते जगप्रसिद्ध चित्र चोरीला गेलं. दिवस सोमवार, संग्रहालय बंद. भिंत रिकामी दिसली तरी पहारेकऱ्यांना वाटलं, फोटो काढायला नेलं असेल. दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी विचारलंच नाही. "प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याकडे असेल," काका टेबलावर बोट आपटून सांगत. "आणि मग पकडलं कोणाला, तर एका बिचाऱ्या कवीला. चोर तिथेच काम केलेला एक कामगार निघाला. संशय घ्यायलासुद्धा अक्कल लागते, मंजू."

तेव्हा मी ग्रंथालयशास्त्राचा कोर्स करून घरी बसले होते. ठाण्यात नौपाड्यातल्या वाचनालयाने जानेवारीपासून घेऊ असं तोंडी सांगितलं होतं, आणि त्याच वाचनालयाने डिसेंबरच्या व्याख्यानमालेत काकांना बोलावलं होतं. विषय अर्थात एकोणीसशे अकरा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या काकांचं हे आयुष्यातलं पहिलं भाषण. त्यांच्या वह्या संगणकावर टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. एका वेळी एकच वही मिळायची, ती परत केली की पुढची.

ऑगस्टची वही मिळाली ती गणपतीच्या तोंडावर. तिच्यावर कॅलेंडरच्या पानाचं कव्हर होतं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "आरत्या". मी बघतच राहिले. काका हळू आवाजात म्हणाले, "सणाचे दिवस आहेत. इमारतीत परकी माणसं येणार. आरत्यांची वही कोणी चोरत नाही. हे फक्त तुला आणि मला माहीत." मी पाच पानं टाइप केली आणि वही परत दिली. त्यांनी माझ्यासमोर ती देवाजवळच्या फळीवर ठेवली.

विसर्जन झालं आणि वही नाहीशी झाली.

काकांनी घर पालथं घातलं. मग मला बोलावलं. त्या दिवशी "कशावरून" विचारलं नाही, दार उघडंच ठेवलं होतं. "वहीचा वेष बदललेला फक्त तुला ठाऊक होता," ते म्हणाले. मी घेतली नाही असं सांगितलं, रडले, आमच्या घरातली कपाटं उघडून दाखवली. आई म्हणाली, "अहो, ती तुमची वही घेऊन करणार काय?" काका म्हणाले, "चोर काय करणार हे चोराला विचारायचं असतं." त्या वाक्यानंतर आईने त्यांच्याकडे वाटी पाठवणं बंद केलं.

तरीही भाषणाच्या दिवशी पडद्यावर चित्रं दाखवायला मीच बसले होते, कारण ते दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. काका सुंदर बोलले. जुलै संपला. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि त्याच आवाजात म्हणाले, "ऑगस्टची वही माझ्या घरातून गेली आहे. ती कुठे होती हे एकाच व्यक्तीला माहीत होतं. ती व्यक्ती या सभागृहात आहे. आता सप्टेंबर." वह्या टाइप करणारी म्हणून त्यांनी माझं नाव सुरुवातीलाच घेतलं होतं, आणि लॅपटॉपमागे बसलेली व्यक्ती एकच होती. सगळ्या माना वळल्या. शेवटी त्यांनी दक्षिण ध्रुवाची गोष्ट सांगितली. आधी पोचलेल्याने आपल्या राजासाठी लिहिलेलं पत्र तंबूत ठेवलं, मागून पोचून हरलेल्याने ते प्रामाणिकपणे बरोबर घेतलं, आणि तो परतीच्या वाटेवर मेल्यावर ते त्याच्या सामानात सापडलं. "स्वतः हरल्याचा पुरावा माणसाने जपून आणला," असं म्हणून काकांनी शेवटची वही मिटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या माणसाचा त्या क्षणी अतोनात राग आला.

जानेवारीत वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "बघू, सध्या जागा नाही." कारण तेच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण मला दुसरं सुचलंही नाही. पुढे कल्याणच्या एका शाळेत ग्रंथपालाचं काम मिळालं. काका जिन्यात दिसले की मी मोबाइल बघत उतरायचे.

पुढच्या गणपतीत आम्ही सगळे तळमजल्यावर पाटीलवहिनींकडे आरतीला जमलो. कोपरीतली आमची इमारत पाटलांच्या जुन्या शेतावरच उभी, त्यामुळे इमारतीचा गणपती म्हणजे त्यांचाच. वहिनींनी मखराच्या खोक्यातून वह्या काढून वाटल्या. एक आईच्या हातात आली. दोन आरत्या झाल्यावर तिने पान उलटलं आणि मला कोपराने ढोसलं. पानावर लिहिलं होतं, "सोमवारी संग्रहालय बंद."

माझा हात पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. मी ती वही नेऊन दिली असती तर काका म्हणाले असते, तूच आणून ठेवलीस. एका वर्षात मीही इतकं शिकले होते. मी वहिनींनाच ती काकांकडे द्यायला लावली.

"काका, ही तुमची का?" वहिनी म्हणाल्या. "मना वाटलं आमचीच हाय. वरसभर माळ्यावर मखराबरूबर व्हती."

काकांनी तिथेच पानं मोजली. मग विचारलं, "माळ्याची चावी कोणाकडे असते?"

"माळ्याला कसली चावी, काका?"

काकू टाळ्या वाजवता वाजवता थांबल्या. "गेल्या वर्षी मीच आणली असेन हो," त्या म्हणाल्या. "मला आरत्या पाठ आहेत, मी कुठे उघडून बघते? नुसती हातात धरते." काका वही मिटून उठले. प्रसादही न घेता वर गेले.

पंधरा दिवसांनी आमच्या ओळखीच्या एका बाईंनी मला एक पोस्टकार्ड दाखवलं. व्याख्यानाच्या दिवशी दाराशी ठेवलेल्या नोंदवहीत नाव-पत्ता लिहिलेल्या प्रत्येकाला तसं कार्ड गेलं होतं, सगळी काकांच्या हातची. "ऑगस्टची वही माझ्याच घरातून, माझ्याच लेबलामुळे गेली होती. चोरी झाली नव्हती. मंजिरीवर मी जाहीर आळ घेतला, तो खोटा होता." चिटणिसांचा मला फोन आला, मी कल्याण सोडत नाही म्हणून सांगितलं. मी रोज टपालपेटी बघत होते. मला कार्ड आलं नाही.

दोन वर्षांनी काका आजारी पडले. मी त्यांच्याशी बोलत नव्हते तरी काकू एकट्या, म्हणून दुपारी हॉस्पिटलमध्ये बसायचे. तिथेही नर्सने गोळी आणली की ते चष्मा लावून पाकिटावरचं नाव, तारीख, सगळं वाचत, मगच तोंड उघडत. नर्सा वैतागल्या होत्या. एकदा आम्ही दोघंच असताना मी विचारलं, "काका, सगळ्या ठाण्याला कार्ड लिहिलंत. मला का नाही?"

 "बातमी त्याला पाठवायची, ज्याला ती ठाऊक नसते," ते म्हणाले. "तू चोरली नाहीस हे तुला माहीतच होतं."

हे उत्तर मला तेव्हा पुरलं नाही, आजही पुरत नाही. मला ती दोन ओळींची माफी हवी होती आणि ती त्यांनी दिली नाही. मी चारची गोळी पाकिटातून काढली आणि पुढे केली. काकांनी ती माझ्या हातातून घेतली आणि गिळली.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं, चष्मा सापडला नसेल. मी वळून बघितलं. चष्मा उशाशीच होता, त्यांच्या हाताला लागेल असा.