लेनर्ड व्होबोरिल आणि दहा यार्डांची साखळी

आमच्या केसलर गावात लेनर्ड व्होबोरिलला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि घरच्या सामन्यात त्याचा आवाज ऐकलेला माणूसही नाही. एक्केचाळीस वर्षं तो शाळेच्या फुटबॉल सामन्यांत, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायच्या आमच्या फुटबॉलात, साखळी धरतोय. दहा यार्डांची साखळी, दोन्ही टोकांना दांडे. संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यायचा. शंका आली की साखळी मैदानात नेऊन ताणायची. मागचा दांडा लेनर्डचा, पुढचा मर्ल कुचेराचा, आणि कितवा प्रयत्न चालू आहे ते दाखवणारी आकड्यांची पाटी माझ्याकडे. आम्ही तिघं पाहुण्या संघाच्या बाकाशेजारी उभे असतो. साखळीवाल्याने टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, गावाच्या रंगाची टोपी घालायची नाही, असा दंडक आहे. मर्ल आणि मी खोकल्याच्या निमित्ताने थोडं पाप करून घेतो. लेनर्ड ते दोन तास नुसता खांब होतो.

हाच माणूस बाहेरगावच्या सामन्याला मात्र असा बोंबलतो की त्याची बायको आर्लिस चार ओळी सोडून बसते. विचारलं तर सांगते, "तो होय? तो शेजारच्या गावचा कोणीतरी आहे."

लेनर्डचा हंगाम ऑगस्टमध्ये पोटापासून सुरू होतो. मक्याची काळजी, दुधाच्या भावाची काळजी हे सगळं त्याला झेपतं, पण पोरांचा पहिला सराव झाला की त्याला जेवण जात नाही. यंदा तर नऊच पोरं. आमच्यासारख्या लहान शाळा आठ-आठ जणांचा खेळ खेळतात म्हणून निभावलं. आठ मैदानात आणि नववा बाकावर, कोणाचा पाय मुरगळू नये अशी प्रार्थना करत.

आणि हा हंगाम शेवटचा होता. पुढच्या वर्षीपासून आमची पोरं नऊ मैलांवरच्या प्रुएटच्या संघात खेळणार, असं शाळेने जूनमध्ये जाहीर केलं. प्रुएट! ज्यांच्याशी आमचे आजोबासुद्धा सरळ बोलत नव्हते. त्या सभेत लेनर्ड उठून एवढंच म्हणाला, "केसलर हे नाव पाठीवर आहे तोवर एकदा बाद फेरीत गेलेलं बघायचंय. मग काय करायचं ते करा." एकोणीस वर्षांत आम्ही बाद फेरीचं तोंड पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बिचारा.

पण पोरांनी सातांपैकी चार सामने जिंकले. शेवटचा सामना घरच्या मैदानावर, प्रुएटशीच. जिंकेल तो बाद फेरीत. ऑगस्टच्या वादळात आमचे दिव्यांचे खांब आडवे झाले होते, त्यामुळे सामना दुपारी तीनला. मक्याची कापणी अर्धवट टाकून अख्खा तालुका आला. शाळेच्या स्वयंपाकघरातली चिली, म्हणजे खिमा-राजम्याची झणझणीत आमटी, आणि दालचिनीचे गोड पाव सामना सुरू होण्याआधीच संपले. आर्लिसने लेनर्डसाठी एक पाव फडक्यात बांधून आणला होता. त्याने तो मला दिला. मी खाल्ला.

प्रुएटचा प्रशिक्षक ट्रॉय हॅन्सेल आमच्यापासून हाताच्या अंतरावर. चाळिशीचा, तोंडाने तिखट. "काय लेनर्ड, साखळी आहे ना दहाच यार्डांची? की धुऊन आखडली?"

"तुझ्या पोरांना आठसुद्धा जास्त होतील," असं मी म्हणणार होतो. लेनर्डने नुसता दांडा सरळ केला.

शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही चौतीस-तीस असे मागे होतो आणि चेंडू आमच्याकडे होता. तेव्हा आमच्या कोल्बी झेमानने चेंडू काखेत मारला आणि कडेकडेने, आमच्या अगदी नाकासमोरून, तीस यार्ड पळाला. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "पळ रे! पळ माझ्या राजा!"

मी वळून पाहिलं. लेनर्ड! दांडा हवेत, डोळ्यांत पाणी. पंचाने जागच्या जागी बोट दाखवून दम दिला. हॅन्सेल कमरेवर हात ठेवून बघत राहिला. लेनर्डचा चेहरा बिटासारखा लाल झाला. पळत पळत नव्या जागी गेला, दांडा रोवला, साखळीला चिमटा लावला आणि पुन्हा खांब झाला.

आता हा चिमटा महत्त्वाचा. मैदानावर दर पाच यार्डांना पांढरी रेघ असते, चार इंच रुंद. साखळी जिथे रेघेवरून जाते तिथे तिला चिमटा लावायचा, म्हणजे मोजताना तोच चिमटा मैदानात त्याच रेघेवर टेकवला की साखळी बरोबर जागेवर बसते. चिमटा रेघेच्या कुठल्या कडेला लावायचा ते आधी ठरलेलं असतं. आम्ही पुढची कड धरतो. सामन्याआधी पंचाला तसं सांगितलेलं असतं.

तीन प्रयत्न झाले. चौथ्यात आमची पोरं अंगांच्या ढिगाऱ्यात घुसली. ढिगारा उपसला, तर चेंडू दहा यार्ड गेला की नाही ते कोणालाच नक्की सांगता येईना. घड्याळात पन्नास सेकंद. पंचाने साखळी मागवली.

लेनर्ड चिमटा उचलायला वाकला आणि तसाच थांबला. मला वाटलं, कंबर धरली. मग तो चिमटा अंगठ्याखाली घट्ट धरून मैदानात चालू लागला. पंच रेघेच्या पुढच्या कडेला बूट टेकवून उभा होता.

"इथे ठेव."

"मागच्या कडेला," लेनर्ड म्हणाला.

"तुम्ही पुढची सांगितली होती."

"सांगितली होती. पण या खेपेला मागच्या कडेला लागलाय. उचलताना पाहिलं. लावताना माझं लक्ष रेघेवर नव्हतं, पोरावर होतं. चुकलं माझं."

मागची कड म्हणजे साखळी चार इंच मागे, आणि ते चार इंच आमच्या फायद्याचे. चिमटा उचलून झाला होता, दुसऱ्या कोणी तो पाहिला नव्हता. पाचच मिनिटांपूर्वी हा माणूस सगळ्या गावादेखत ओरडला होता. प्रुएटच्या बाकावरून आवाज आलाच, "बरं आठवलं हो आजोबांना!"

पंच घुटमळला. एवढ्यात हॅन्सेल तरातरा आत आला.

"लेनर्ड, आत्ताच ओरडलात तुम्ही."

"ओरडलो."

"आणि आता म्हणता मागची कड."

"मागचीच आहे, ट्रॉय. विश्वास नसेल तर पुढची धरा. मी भांडणार नाही."

हॅन्सेल पंचाकडे वळला. "बावीस वर्षांपूर्वी मी प्रुएटकडून याच मैदानावर खेळलो. शेवटचा प्रयत्न. साखळी यांच्याच हातात होती आणि यांचा स्वतःचा पोरगा समोरच्या संघात. आमचा चेंडू नखभर पुढे निघाला आणि केसलर हरलं. हे पोराच्या तोंडाकडे बघत उभे होते, पण चिमटा हलला नाही." त्याने टोपी काढून गवतावर आपटली. "हे मागची म्हणतात ना? मग मागची. मोजा!"

मर्लने साखळी ताणली. चेंडूचं नाक दांड्याच्या पुढे गेलेलं होतं. दोन बोटं.

आणखी दोन प्रयत्नांनंतर कोल्बी चेंडूसकट गोलरेषेपलीकडे आडवा पडला, सहा गुण. छत्तीस-चौतीस. सगळं गाव कुंपण ओलांडून मैदानात धावलं, म्हाताऱ्या बायकासुद्धा. लेनर्ड आपला दांडा धरून उभाच. हलला नाही, हसला नाही, फक्त नाक ओढत होता. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी त्याच्या वाटणीचंही ओरडून घेतलं. पंच काय करणार, सामना संपला होता.

बाद फेरीचा सामना दोनशे मैलांवर होता आणि त्यात आम्हाला अठ्ठावन्न-बारा असं धुऊन काढलं. लेनर्डला कशाचंच काही नाही. साखळी दुसऱ्यांच्या हातात, त्याचा घसा मोकळा. चाळीसने मागे असतानाही तो पहिल्या मिनिटासारखा बोंबलत होता, आणि यंदा आर्लिस त्याच्या अगदी शेजारी बसली होती.

मध्यंतरानंतर बघतो तर मागच्या ओळीत ट्रॉय हॅन्सेल. पुढच्या वर्षी हीच पोरं त्याच्या हाताखाली जाणार होती, ती बघायला आला होता. गुडघ्यावर वही ठेवून काहीतरी लिहीत होता. सामना संपला, पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, पाठीवरचं केसलर चिखलाने वाचता येत नव्हतं. लेनर्ड बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग मागे वळला आणि बसलेल्या घशाने विचारलं, "काय लिहिलंस?"

"डावी बाजू कच्ची आहे."

"कच्ची नाही, हलकी आहे. तुझ्याकडे तो जाडा पोरगा आहे ना, तो डावीकडे घाल. नाहीतर आपल्याला पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्यात कापून काढतील."

"तो उजवीकडेच बरा, लेनर्ड."

"अरे, डोकं आहे का तुला? सरक जरा तिकडे." आणि लेनर्ड बाक ओलांडून त्याच्याशेजारी जाऊन बसला.

आर्लिसने माझ्याकडे पाहिलं. "जूनपासून मला वाटत होतं, पुढच्या ऑगस्टला तरी हा दोन घास नीट जेवेल. कसलं काय!" ती म्हणाली, आणि खुशीत हसत गाडी सुरू करायला निघून गेली.