दोन बोटं मसाला आणि एकवीस किलोमीटर

एकवीस किलोमीटर पळायला जाताना शहाणा माणूस पिशवीत बूट, टॉवेल आणि पायाला चोळायचं मलम घेतो. मी मसाल्याची बाटली घेतली होती. त्याचं कारण आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वेड्याचं वाटेल. तसं ते थोडं आहेच.

वाशी आणि ऐरोलीच्या मधे, खाडीला लागून आमचं गाव. मी जन्मभर खाडीत जाळं टाकलं आणि बायकोने ती मासळी वाशीला नेऊन विकली. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, ती तेवढीही नाही. पण तोंड असं, की वकील हात जोडून घरी गेला असता. दर उन्हाळ्यात ती वर्षाचा मसाला करायची. गेल्या गणपतीनंतर ती गेली. चार दिवस ताप आला आणि संपलं. बरणीतला मसाला मात्र राहिला.

सून माझी वाईट नाही, पण हात सढळ. माघ लागेस्तोवर बरणी तळाला आली. तेव्हा उरलेला दोन बोटं मसाला मी कॉफीच्या रिकाम्या बाटलीत काढला. किडा लागू नये म्हणून बायकोने घातलेला हिंगाचा खडाही त्यात टाकला आणि बाटली माझ्या कपाटात ठेवली. कधीतरी भाकरीवर तेल घालून चिमूटभर घ्यायचा, बस. हा संपला की तिच्या हातचं जगात काही उरणार नाही, असं डोक्यात बसलं होतं. दोन दिवस घर सोडायचं म्हटल्यावर ती बाटली मागे ठेवायची छाती झाली नाही.

पळायला नेणारे माझे दोन मित्र. एक शहर बसवर ड्रायव्हर होता, आता रिटायर. दुसऱ्याला आम्ही शेठ म्हणतो. त्याच्या भातशेतीवर बिल्डिंग उभी राहिली, तेव्हापासून तो फक्त बसतो. बसून बसून पोट असं झालं, की स्वतःचे बूट त्याला फोटोतच दिसतात. बायको गेल्यापासून हे दोघे मला रोज पहाटे खाडीकाठी चालायला काढायचे. शेठच्या बिल्डिंगमध्ये ऐरोलीच्या कंपनीत काम करणारी एक पोरगी भाड्याने राहते. तिने मोबाईलवर आमचे फॉर्म भरले. मॅरेथॉन घाटावर, वाईच्या पुढे. पूर्ण नव्हे, अर्धी. तरी एकवीस किलोमीटर!

निघताना पोरीने बजावलं, "अंकल, आदल्या रात्री साधं खायचं हं. दहीभात, बटाटा. तिखट अजिबात नाही."

"नाय गं बाय," ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या पिशवीत तेव्हा पाव किलो सुके बोंबील होते.

तिथे गॅस-भांड्यांसकट खोली मिळाली होती. संध्याकाळी मी आणि शेठ छातीवर लावायचे नंबर आणायला गेलो. परत आलो तर दारातूनच बोंबलाच्या रश्शाचा वास. जिना चढायला कुरकुरणारा शेठ दोन दोन पायऱ्या चढला.

मी पहिला घास घेतला आणि तो तोंडातच थांबला. ही चव मला कुणी डोळे बांधून दिली तरी ओळखता येईल.

"मसाला कुठला?" मी विचारलं.

"तुझ्याच पिशवीत व्हता. मी सगळं आनलं, मसालाच इसरलो. बरं झालं, तुला अक्कल आली."

"किती घातलास?"

"दोन बोटं तर व्हता! ठेवून काय अंडी घालनार व्हता?"

मी उठून पिशवीत पाहिलं. बाटली रिकामी. तळाला हिंगाचा खडा तेवढा खुळखुळत होता. मी परत आलो, टोप माझ्याकडे ओढला आणि एकटा जेवायला लागलो. तिच्या हातचं शेवटचं, ते दुसऱ्याच्या पोटात कशाला? शेठने डाव पुढे केला, मी तो बाजूला सारला. भात संपला, तर पाव लावून टोप पुसला. डोळ्यांतून पाणी येत होतं. तिखट होतंच म्हणा. दोघे माझ्याकडे बघत बसले. ड्रायव्हरशी आता बोलायचंच नाही असं मी ठरवलं.

सकाळी थंडीत हजारभर पोरं उड्या मारत होती. मनगटावर घड्याळं, कमरेला बाटल्या. माझ्या पायात मुलाचे बूट आणि पोटात वडवानल. शिट्टी झाली तशी पोरं सुटली. मी पळालो नाही, रागाने चालायला लागलो. राग असला की चाल बरी पडते. टेबलांवर पाणी द्यायला उभ्या असलेल्या पोरी ओरडत होत्या, "काका, मस्त! काका, स्माईल!" मी प्रत्येक टेबलावर चार चार ग्लास पाणी प्यायलो आणि कुणालाही स्माईल दिलं नाही.

ड्रायव्हर माझ्या मागेच होता. मधेच दिसेनासा व्हायचा. रस्त्याकडेला हॉटेल दिसलं की संडास शोधायला आत धावायचा. रात्री चव बघता बघता त्याने आम्ही येण्याआधीच वाट्यावर वाट्या रस्सा ओरपला होता, आता त्याची मॅरेथॉन संडास ते संडास चालली होती. आठव्या किलोमीटरला, दमलेल्यांना उचलणारी गाडी बाजूने गेली. खिडकीत शेठ बसला होता, केळं खात. मंत्र्यासारखा हात केला त्याने.

पंधराव्याच्या पुढे उतार लागला, तेव्हा मागून हाक आली. ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसला होता, पोटरी धरून. मी थोडा पुढे गेलो. मग आणखी थोडा. मग शिवी घातली आणि मागे फिरलो.

"पाय सरळ कर, मेल्या."

मी त्याची पोटरी चोळली, जरा जास्तच जोरात. तो कळवळला आणि म्हणाला, "बोललास एकदाचा. रात्री बाटली बघून तुझं तोंड उतरलं, तवाच समजलो. वयनीचा मसाला व्हता ना?"

"शेवटचा होता."

"शेवटचा कनाला? माझ्या घरात आर्धी बरनी हाय."

"तुझ्या बायकोचा आहे तो."

"अरे येड्या, आपल्या आळीच्या बायका मसाला येकत्रच कुटतात."

ते मला माहीत होतं. पण मिरच्या भाजायला घेतल्या की ठसक्याने आळीत उभं राहवत नाही, पुरुष पळ काढतात. मी खाडीत असायचो. ड्रायव्हर रातपाळी करून घरात झोपलेला असायचा.

"मी पडल्या पडल्या ऐकायचो," तो म्हणाला. "सगल्यांच्या मिरच्या वयनी भाजनार, धने ती घालनार, मापही तिचंच. कुनी हात लावला की कावायची, 'तुमी फकस्त कुटा!' मंग घराघराचे वाटे. चार घरांत गेले सा म्हयने तिच्याच हातचं खातात."

पन्नास वर्षं संसार केला आणि बायको काय करते ते या बस ड्रायव्हरकडून कळायचं!

"आधी सांगायला काय झालेलं?"

"तू बोलत व्हतास काय?"

त्याला खांद्याला धरून उरलेलं अंतर तोडलं. वेळ संपून गेली होती, शेवटच्या रेषेवरची कमान उतरवायला माणसं शिडीवर चढली होती. तरी एका पोराने आमच्या गळ्यात मेडल घातलं. शेठच्या गळ्यात आधीच एक होतं. कुठून मिळवलं ते त्याने आजवर सांगितलं नाही.

परतल्यावर दुसऱ्या सकाळी ड्रायव्हरची बायको वाटीभर मसाला घेऊन आली. "घ्या भावजी. आनी फुडच्या टायमाला ह्यांच्या हातात बोंबील देव नका."

मी बोटाला लावून चाखला. तोच होता. पण वासात काहीतरी कमी होतं. मग कपाटातून कॉफीची बाटली काढली. खडा तळाशीच होता. त्याच्यावर वाटी उपडी केली, झाकण लावलं आणि बाटली हलवली.

या खेपेला बाटली कपाटात नाही ठेवली. स्वयंपाकघरात नेऊन सुनेच्या हातात दिली आणि सांगितलं, "कालवणात घाल. पण हिंगाचा खडा आत राहू दे, तो कालवणात गेला तर घर सोडून जाईन."

"परत मॅरेथॉनला?" ती म्हणाली.

तोंड आहे हिलाही.