मामांनी आणलेला डेमो पीस

मला आजवर एकाच माणसाने फसवलं आहे, आणि तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहेच, पण शांतपणे विचार केला तरी उत्तर हेच येतं. लालबागला माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. ते मला वारशात मिळालेलं नाही. फुटपाथवर चादर पसरून चमचे आणि गाळण्या विकण्यापासून सुरुवात केली आणि ओट्यापर्यंत, ओट्यावरून गाळ्यापर्यंत आलो. घाऊक व्यापारी मला दारात बघितलं की आधी चहा सांगतात, कारण हा माणूस आता दोन तास उठत नाही हे त्यांना ठाऊक असतं. भाव करताना मी तीनदा दुकानाबाहेर पडतो आणि तिन्ही वेळा मला परत बोलावलं जातं. अशा माणसाला बहात्तर वर्षांच्या, बुशशर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावणाऱ्या गृहस्थांनी फसवलं, तेही एका बॅटरीच्या बाबतीत.

मामा परळच्या एका गिरणीत, पॉवर हाऊसमध्ये इलेक्ट्रिशियन होते. गिरणी बंद पडली, तिच्या जागी काचेचे मनोरे आले, पण मामा अजून ड्युटीवरच आहेत. कुणाच्याही घरी गेले की आधी मीटरकडे बघतात आणि मग माणसांकडे. लग्नाला गेले तर नवरानवरीच्या एकाही फोटोत सापडत नाहीत, कारण ते मांडवामागे जनरेटरवाल्याशी बोलत उभे असतात. माझ्या मेहुणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना त्यांनी हॉलमधले चार दिवे बंद केले होते. भटजींनी पोथीतून मान वर केली, तर मामा म्हणाले, "चालू द्या तुमचा. फेजवर लोड जास्त झालेलो." अक्षता अर्ध्या उजेडात पडल्या. ज्या खोलीत माणूस नाही तिथला पंखा बंद करणं हा तर त्यांचा धर्मच, आणि त्यांच्या मते झोपलेला माणूस म्हणजे अर्धा माणूस, म्हणून त्याचा पंखा ते दोनावर आणतात. दुसऱ्याचा हं. स्वतःचा पाचावर असतो.

पण त्यांची खरी श्रद्धा वजनावर. बॅटरी ओळखायची ती उचलून, हा त्यांचा सिद्धांत. आत शिसं किती भरलंय हे कागदावर कुणीही काहीही लिहील, पण हाताला खोटं सांगता येत नाही. त्यामुळे बॅटरीच्या दुकानात मामा माहितीपत्रक हातात घेत नाहीत. ते धोतर सावरावं तसा पँटचा पट्टा वर ओढतात, खाली बसतात, बॅटरीला कवेत घेतात आणि डोळे मिटून तिला इंचभर वर उचलतात. हे दृश्य पाहून नवा दुकानदार अँब्युलन्स बोलवायच्या बेतात येतो. मामा बॅटरी खाली ठेवतात, हात झटकतात आणि निकाल देतात. "दम आसा." किंवा नुसतं "छ्या."

हे मामा माझ्या वाट्याला आले ते आईमुळे. गेल्या वर्षी आई हॉस्पिटलातून घरी आली ती ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. डॉक्टरांनी बजावलं होतं की सुरुवातीचे काही महिने ते बंद पडता कामा नये. आणि आमच्या शेजारच्या प्लॉटवर नेमकं तेव्हाच टॉवरसाठी खोदकाम चालू झालं. खोदणाऱ्यांना पाणी लागलं की नाही माहीत नाही, विजेची केबल मात्र दर आठवड्याला लागायची. पहिल्यांदा वीज गेली ती भर दुपारी. मशीनने एकदा टूं केलं आणि गप्प झालं. छोटा सिलिंडर होता, तो लावला. पुढचे दोन तास मी, बायको आणि आई, तिघंही त्या सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसलो. काटा लाल पट्टीला टेकायला आणि वीज यायला एकच गाठ पडली. त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "मामांना बोलवा."

मामा आले, मीटर बघितलं, आईला नमस्कार केला आणि मशीनला कान लावून बसले. डॉक्टरसुद्धा आईच्या पाठीला इतका वेळ कान लावत नाहीत. मग त्यांनी वही काढली. तीन दिवस ते आमच्या घरात बसून होते. कोण काय चालू करतं, किती वेळ करतं, सगळं टिपून ठेवत होते. बायकोने वाटण घातलं तर "मिक्सर, सहा मिनिटं." मी दाढी केली तरी घड्याळाकडे नजर. चौथ्या दिवशी म्हणाले, "जावयबापू, लाइट गेली की घरात तीनच गोष्टी चालतील. मशीन, म्हातारेचो पंखो आणि एक दिवो. टीव्ही बंद. तुमचो तो फोनसुद्धा चार्ज नाय करूचो."

"आणि फ्रिज?" बायकोने विचारलं.

"फ्रिजातला बांगडा चार तास वाट बघीत. म्हातारी बगूची नाय," मामा म्हणाले.

मग आम्ही गिरगावातल्या एका बॅटरीच्या दुकानात गेलो. मी बाहेरच मामांना ताकीद दिली होती की आत गेल्यावर तोंड उघडायचं नाही, मालाकडे बघून नाक मुरडायचं. आत जाऊन मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. माल जुना दिसतोय, पत्रा पातळ आहे, समोरचा दुकानदार याहून कमीत देतो. शेठ हळूहळू खाली उतरत होता. एवढ्यात मामांनी एक बॅटरी कवेतून खाली ठेवली आणि भरल्या आवाजात म्हणाले, "शेटनू, माल एक नंबर आसा. असो दम हल्ली बगूक मिळणा नाय. तुमी सांगतास तो भाव एकदम रास्त." शेठने माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे बघितलं. पाऊण तासाची माझी मेहनत त्या एका वाक्यात वाहून गेली.

शेठला आता जोर चढला. त्याने कोपऱ्यातली एक पांढरी, भिंतीला टांगायची पेटी दाखवली. "काका, ही बघा. लिथियम. आता सगळे हीच घेतात." मामांनी सवयीप्रमाणे पट्टा ओढला, कवेत घेतली, दम लावला आणि पेटी एवढ्या सहज वर आली की ते मागच्या मागे माझ्या अंगावर आले. त्यांनी पेटी कानाशी हलवून बघितली. "हेच्यात काय कुरमुरे भरल्यात काय?" शेठ म्हणाला, "काका, ही हलकीच असते. टेक्नॉलॉजी आहे." मामा म्हणाले, "आमच्या गिरणीत पण शेवटी टेक्नॉलॉजी इलेली. मगे गिरणीच गेली." आणि ते तडक बाहेर पडले. भाव न करता दुकानाबाहेर पडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढचे चार दिवस मामा आमच्याकडे फिरकले नाहीत. आले ते दाढी वाढलेले, एखाद्याने जन्माचा देव बदलावा तसा चेहरा करून. आईच्या खोलीची लांबी-रुंदी त्यांनी पुन्हा टेपने मोजली. म्हणाले, "वजनदार बॅटरी चार्ज होताना वाफ सोडता. पाणी घालूचा लागता. तुमची खोली एवढीशी. म्हातारी हयच श्वास घेता. नको." मग टेप गुंडाळून खिशात टाकला. "ती कुरमुऱ्यांची पेटी घेवा." मी विचारलं, "आणि वजन?" ते म्हणाले, "वजन गेला खड्ड्यात." जे मामांना ओळखत नाहीत त्यांना या वाक्याची किंमत कळायची नाही.

या वेळी मी मामांना घरीच ठेवलं आणि एकटा गेलो. तीनदा बाहेर पडलो, तिन्ही वेळा शेठने परत बोलावलं, आणि अखेर जो भाव मी मिळवला तो ऐकून शेठने कपाळाचा घाम पुसला. घरी येऊन मी विजयाची बातमी दिली. बायकोने विचारलं, "कधी आणून लावणार?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की सौदा पक्का करताना शेठ शेवटी हळूच काहीतरी म्हणाला होता. या भावात माल स्टॉकमधून नाही मिळणार, वरून मागवावा लागेल, आठ दिवस लागतील. मी म्हटलं, "आठच दिवस." पलंगावरून आई म्हणाली, "बरोबर आहे. तू भाव कर, मी तोवर श्वास धरून बसते."

कुणी हसलं नाही. मामाही नाहीत. ते चप्पल घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हातगाडीवरून दोन हमाल आणि मागून मामा. गाडीवर एक भलीमोठी जड बॅटरी आणि इन्व्हर्टर. पावसापाण्यात ती कायमची चालली नसती, पण आठ दिवसांपुरती मामांनी ती बाहेरच्या गॅलरीत, मोकळ्या हवेत ठेवून घेतली, वायर आत ओढली, मशीनला कान लावला आणि समाधानाने मान हलवली. "शेटीन डेमो पीस दिल्यान. नवी येयसर वापरा. फुकट." माझी छाती फुगली. भाव पाडलाच, वर आठ दिवस फुकटात वापरायला बॅटरीही मिळवली! हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. कुकर घ्यायला आलेल्या एका बाईंना तर मी दोनदा सांगितलं. मामा समोर बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "जावयबापूंच्या जिभेपुढे शेटीचा काय चालता?"

त्या आठ दिवसांत केबल दोनदा तुटली. दुसऱ्या वेळी तर सकाळी गेलेली वीज दुपारी जेवणं उरकल्यावर आली. सगळ्या मजल्यावर शुकशुकाट होता, आणि आमच्या खोलीत मशीन घुमत होतं, पंखा फिरत होता, आई बायकोला भाजी चिरण्यावरून बोलत होती. आईचं ते बोलणं मला त्या दिवशी किती गोड लागलं हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

नवी पेटी भिंतीला लागली. मी शेठकडे गेलो, आभार मानायला, आणि जमलंच तर तो डेमो पीस पडत्या भावात मागायला. शेठ म्हणाला, "साहेब, कुठला डेमो? तुम्ही भाव असा लावला की मी पेटीबरोबर स्क्रू पण फुकट नाही दिले."

मी तसाच मामांच्या बिल्डिंगमध्ये गेलो. मामा एकटेच राहतात, चौदाव्या मजल्यावर. ते भाजी आणायला गेले होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काका आता बरे आहेत. मध्यंतरी आमच्या बिल्डिंगच्या वायरिंगचं काम चाललं होतं ना, आठवडाभर रोज रात्री लाइट बंद. काका सकाळी जिन्यात बसून पेंगायचे. आम्ही विचारलं, तुमच्याकडे तर बॅटरी आहे, तर म्हणाले सर्व्हिसिंगला दिली." मामांच्या बंद जाळीच्या दारातून आत दिसत होतं. भिंतीजवळ लादीवर एक चौकोनी डाग होता, बॅटरीच्या मापाचा.

मामा आले, हातात मेथीची जुडी. मी भडकलो. "मामा, ती बॅटरी तुमची होती."

"होती कशी? आसाच. तुमच्याकडे आसा, काय झाला?"

"मला खोटं का सांगितलंत? मी भाडं दिलं असतं."

"तेच म्हणतंय," मामा म्हणाले. "भाड्यासाठी तुमी दोन तास घासाघीस केली असती. थय म्हातारी वाट बगीत बसली असती."

"आणि तुम्ही आठ रात्री जागलात त्याचं काय?"

मामा मेथी निवडायला बसले. "माका झोपेक हवा लागणा नाय हो. पंख्याचो आवाज लागता. पॉवर हाऊसात जन्म गेलो. थय एकदा आवाज थांबलो, तो परत सुरू झालोच नाय. तेवापासून आवाज थांबलो की जाग येता. वाटता, परत काय बंद पडला?" मग हसले. "म्हातारपणाचे खेळ. घेवा, मेथी निवडा."

मी मेथी निवडली. दुसऱ्या दिवशी त्यांची बॅटरी परत पोचवली आणि शेठकडून मामांसाठी एक नवी लिथियम पेटी घेतली. शेठने भाव सांगितला. मी पैसे काढून ठेवले. शेठ घाबरला. "साहेब, तब्येत बरी आहे ना? पाणी देऊ?" आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेल्या भावात वस्तू घेतली, आणि मामांनी ती दारातूनच परत पाठवली. ती अजून माझ्या दुकानात, खोक्यात बंद पडून आहे.

आता आई दिवसा मशीनशिवाय बसते. मामा घराची वायरिंग बघायला म्हणून गावी गेले ते तिकडेच रमलेत. अख्ख्या वाडीची कनेक्शनं त्यांच्या हातात आहेत असं कळतं. मी फोन केला आणि त्या पेटीचा विषय काढला की यांना रेंज नसते. आई रोज विचारते, "मामा कधी येणार रे?" मी तिला काय सांगू? मामा, ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाचे उपकार घेतले नाहीत, त्या माझ्या गळ्यात तुम्ही आठ रात्री बांधल्यात. माझ्या हव्यासाने झालेली चूक मला न विचारता स्वतःच्या झोपेने भरून काढलीत, आणि वर माझ्या बढाया ऐकत बसलात. मामा, हे तुम्ही कुणाला विचारून केलंत? फोनवर नको. इथे येऊन, माझ्यासमोर बसून याचं उत्तर द्या.