सुरीनं कापलेला टायर

काल पंक्चर काढायला नातवाच्या मोटारसायकलचा झिजलेला टायर उतरवला आणि तापल्या रबराच्या वासानं मला साठ वर्षं मागं, मुरबाडच्या रघू पंक्चरवाल्याच्या मांडवाखाली नेलं.

बायकोला पहिल्या बाळंतपणासाठी मोटारसायकलवरून वैशाखऱ्याला माहेरी सोडायला निघालो होतो. मुरबाडला थांबलो ते फक्त हवा भरायला. रघूनं मागच्या गुळगुळीत टायरवर अंगठा फिरवला.

"रबर झिजून आतलं सूत दिसतंय रे. पोटुशी बाय मागं बसवून जाशील? नाय जायाचं."

"आजचा दिवस निघेल," मी म्हटलं.

त्यानं टायर उतरवला आणि माझ्यादेखत सुरीनं कापूनच टाकला. मी नाही नाही ते बोललो. त्यानं नवा चढवला.

पुढच्या महिन्यात मुलगी झाली. तिचाच मुलगा हा नातू. रघूचे आभार मानायचे राहिले, ते मनात अजून मानतो.

"आजोबा, अजून महिनाभर चालेल हा टायर," नातू म्हणाला.

मी सुरी मागितली.